डॉ. कोटणीस आणि आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय : संघकार्याच्या नेतृत्वाचा विचार

सोलापूरच्या अर्वाचीन इतिहासात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्थान हुतात्म्याचे आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट यांनी त्यांची कथा घरोघर पोहोचविली. या कथेचा भर स्वाभाविकपणे त्यागावर राहिला. परंतु त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटणारा एक प्रश्न मागे पडला आहे. वयाची तिशी नुकतीच ओलांडलेला एक परदेशी तरुण, डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, सैनिक आणि शेतकरी अशा भिन्न घटकांवर चालणाऱ्या संस्थेचे नेतृत्व कसे करू शकला? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

चीन-जपान युद्धाला १९३७ साली तोंड लागल्यानंतर आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८च्या उन्हाळ्यात जनतेला आवाहन केले व निधी उभारला. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर उपप्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होत. अटल यांना स्पेनमधील यादवी युद्धातील वैद्यकीय कार्याचा अनुभव होता. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाच्या तयारीत होते.

या पथकाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पाचही जण डॉक्टर होते. त्यांत परिचारिका नव्हती, औषधनिर्माता नव्हता, दुभाषाही नव्हता. म्हणजे वैद्यकीय मदत पाठविताना आपण डॉक्टर पाठविले. रुग्णालय चालविण्यास जी इतर कौशल्ये लागतात, ती यजमान देशातच शोधावी लागणार होती. कँटन, हँकौ व चुंगकिंग या मार्गाने पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. पुढे चोळकर व मुखर्जी परतले, त्यांच्यानंतर अटलही परतले. पथक म्हणून जी मूळ संघटना होती, ती अशा रीतीने विरली. चीनमध्ये असताना पाचही जणांनी आपल्या चिनी नावात चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडले होते. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. या नामकरणात सौजन्य होते खरे, परंतु पुढील काळात कोटणीसांनी ते अक्षरशः खरे केले.

१९४० साली बसू व कोटणीस शत्रूच्या पिछाडीस असलेल्या जिन-चा-जी सीमाप्रदेशात गेले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे कार्याचा पाया घातला होता. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. ‘आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय’ हे नाव सूंग चिंग-लिंग यांच्या चीन संरक्षण संघाकडून येणाऱ्या विदेशी साहाय्याशी निगडित होते. पैसा अनेक देशांचा, सत्ता चिनी लष्कराची आणि आसरा खेड्यांतील शेतकऱ्यांचा, असा हा व्यवहार होता. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांचे नाव दिलेल्या रुग्णालयाचे संचालकपद कोटणीसांकडे आले.

१९४०च्या उत्तरार्धातील लढायांत कोटणीसांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याची हकीकत आवर्जून सांगितली जाते. ती सांगताना एक गोष्ट विसरली जाते. तीन दिवस एक हात चालू राहावा म्हणून जखमींना डोंगरवाटांनी वाहून आणणारे, उपकरणे उकळून देणारे, दिवा धरणारे, कोणास आधी घ्यावयाचे हे ठरविणारे आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची शुश्रूषा करणारे असे कितीतरी हात चालू राहावे लागतात. यांपैकी एक दुवा निखळला तर शल्यचिकित्सकाचे कौशल्य निष्फळ ठरते. कोटणीसांचे नेतृत्व या दुव्यांच्या जपणुकीत शोधले पाहिजे.

त्याची दोन साधने स्पष्ट दिसतात. पहिले भाषा. बेथ्यून यांना दुभाष्याच्या साहाय्याने काम करावे लागे. कोटणीसांनी चिनी बोलणे व लिहिणे आत्मसात केले आणि विद्यार्थ्यांना त्याच भाषेत व्याख्याने दिली. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणाऱ्यांच्या गिरणगावात वाढलेल्या माणसास परभाषेचे भय कमी वाटले असेल, असे अनुमान करता येते. त्याहून अधिक म्हणू नये. दुसरे साधन अध्यापन. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. तेथील अध्यापनासाठी त्यांनी शस्त्रक्रियेची सामान्य तत्त्वे सांगणारे पुस्तक लिहिले व दुसरे लिहावयास घेतले. औषधे व उपकरणे नाकेबंदीत अडकत असताना ज्ञान मात्र वाटल्याने वाढविता येत होते. परिचर्या शिकविणाऱ्या क्वो चिंग-लान यांच्याशी त्यांचा १९४१ मध्ये विवाह झाला.

या नेतृत्वाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. रुग्णालय लष्कराचा भाग होते. १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. आंतरराष्ट्रीय मदत आणि राजकीय निष्ठा यांतील सीमारेषा तेथे राहिली नाही. तसेच, इतरांच्या प्रकृतीची व्यवस्था लावणाऱ्या या संस्थेत तिच्या संचालकाच्या प्रकृतीची व्यवस्था लागली नाही. अपस्माराचे झटके येत असताही त्यांनी काम सोडले नाही व ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते मरण पावले. त्यांचे मित्र बसू १९४३ साली मायदेशी परतले.

१९४५ साली सॅन फ्रान्सिस्को परिषदेत जागतिक आरोग्य संस्थेची मागणी ब्राझील व चीन यांनी मांडली आणि ७ एप्रिल १९४८ रोजी ती संस्था अस्तित्वात आली. कोटणीसांच्या कार्याचा तिच्याशी थेट संबंध जोडणे युक्त नव्हे. परंतु अशा संस्थांना पुढे जो प्रश्न वारंवार पडला, की परक्या तज्ज्ञाने स्थानिक माणसांचे नेतृत्व कोणत्या अधिकाराने करावे, त्याचे एक उत्तर या प्रकरणात मिळते. पथकप्रमुखपद कोटणीसांकडे कधीच नव्हते. रुग्णालयाचे संचालकपद त्यांना, ते त्या लोकांची भाषा बोलू लागल्यावर आणि त्यांना शिकवू लागल्यावर मिळाले. बेथ्यून रुग्णालय पुढे शिजियाच्वांग येथे टिकून राहिले. व्यक्तीच्या मृत्यूनंतरही काम चालू राहणे ही संघकार्याची खरी कसोटी होय, आणि सोलापूरने आपल्या या सुपुत्राचे स्मरण करताना त्याच्या त्यागाइतकेच या कसोटीसही स्थान दिले पाहिजे.