प्रतिकृती रेल्वे : रूळ आणि सांध्यांचा मेळ

प्रतिकृती रेल्वेची मांडणी करताना साधे रूळ, गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे आणि त्यांवरून धावणारी इंजिने-डबे ही एकमेकांना मानवतील अशी निवडावी लागतात. गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, जुळले की सारे जुळले, असे नवा छांदिष्ट धरून चालतो. प्रत्यक्षात गेज ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे. सरळ रुळावर दोषांना सहसा वाव मिळत नाही. न जुळणारी प्रत्येक गोष्ट सांध्यावर उघडी पडते. गाडी घसरते तिथेच, अडते तिथेच आणि शॉर्ट सर्किटही बहुतेकदा तिथेच होते.

गेज आणि प्रमाण या दोन वेगळ्या बाबी आहेत. एचओ म्हणजे १:८७ हे प्रमाण. जगातले १४३५ मिमीचे स्टँडर्ड गेज त्यात १६.५ मिमी होते. ब्रिटनमधील डबल-ओ प्रकारात गाड्या १:७६.२ प्रमाणाच्या, म्हणजे थोड्या मोठ्या असतात, पण रूळ तेच १६.५ मिमीचे. एन गेजमध्ये रुळांतील अंतर ९ मिमी असते, प्रमाण मात्र युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानमध्ये बहुतांशी १:१५०. भारतीय गाड्यांच्या बाबतीत इथेच एक तडजोड करावी लागते. आपले ब्रॉडगेज १६७६ मिमीचे. १:८७ प्रमाणात ते १९.३ मिमीच्या आसपास भरते. तरीही भारतीय इंजिनांच्या एचओ प्रतिकृती १६.५ मिमीवरच चालवल्या जातात, कारण तयार रूळ आणि सांधे त्याच मापाचे मिळतात. समोरून पाहिले की चाके आत ओढल्यासारखी वाटतात, पण ही तडजोड मान्य करावी हेच शहाणपणाचे. नाहीतर प्रत्येक सांधा हाताने घडवावा लागेल. नॅरोगेजमध्ये मात्र नशीब साथ देते. मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचे ७६२ मिमी गेज १:८७ प्रमाणात ८.८ मिमीच्या जवळ येते, म्हणून ९ मिमीचा रूळ चालतो. फक्त तो नॅरोगेजसाठी बनवलेला घ्यावा, कारण एन गेजच्या रुळातले स्लीपर फार बारीक आणि दाट असतात. माथेरानचे ६१० मिमी गेज त्याच प्रमाणात ७ मिमी होते; त्याला झेड गेजचा ६.५ मिमी रूळ अधिक जवळचा.

रुळाची उंची 'कोड'ने सांगतात. कोडचा आकडा म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. कोड १०० चा रूळ २.५४ मिमी उंच, कोड ८३ चा २.१ मिमी आणि कोड ७५ चा १.९ मिमी. कमी कोडचा रूळ खऱ्या रुळासारखा नाजूक दिसतो, पण जुन्या गाड्यांच्या खोल कडांची चाके त्यावर स्लीपरच्या खिळ्यांना घासत जातात. दोन वेगळ्या कोडचे रूळ जोडायचे असतील तर संक्रमणाचा खास तुकडा किंवा दोन उंचींचा जॉइनर (रुळांची टोके जोडणारी पट्टी) घ्यावा. रुळाचा माथा आणि आतली कड एका रेषेत आली पाहिजे. तळ खालीवर राहिला तरी चालते. पेको कंपनीच्या एन गेजमधील कोड ५५ चा रूळ याबाबत वेगळा आहे. तो मुळात उंचच असून त्याचा खालचा भाग स्लीपरमध्ये गाडलेला असतो, त्यामुळे तो कोड ८० शी जोडणे सोपे जाते.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो भूमितीत. पेकोचा सेटट्रॅक आणि हॉर्नबीचे रूळ एकाच पद्धतीचे आहेत: वक्रांच्या त्रिज्या ३७१, ४३८, ५०५ आणि ५७२ मिमी, शेजारच्या मार्गांत ६७ मिमी अंतर आणि सांध्याचा कोन २२.५ अंश. वक्राचा एक तुकडा काढून त्याच जागी सांधा बसतो, कारण तुकड्याचा कोनही २२.५ अंशच. पेकोच्याच स्ट्रीमलाइन मालिकेत हिशेब वेगळा. तिथे ६१०, ९१४ आणि १५२४ मिमी या तिन्ही त्रिज्यांच्या सांध्यांचा कोन १२ अंश ठेवला आहे, त्यामुळे लहान सांधा मोठ्याशी जोडूनही मार्गांतले अंतर ५०.८ मिमीच येते. कंपनी एक, गेज एक, कोडही १०० चाच घेता येतो; तरी दोन्हींचे सांधे वापरले की मार्ग समांतर जुळत नाहीत. स्ट्रीमलाइनचे दोन सांधे वापरून ६७ मिमी अंतराचा क्रॉसओव्हर, म्हणजे दोन समांतर मार्गांना जोडणारा तिरका मार्ग, करायचा असेल, तर त्यांच्यामध्ये सुमारे ७८ मिमीचा सरळ तुकडा कापून घालावा लागतो.

ही अंतरे मनमानी नाहीत. आपला एलएचबी डबा २३.५४ मीटर लांब. एचओमध्ये तो सुमारे २७० मिमी होतो. ३७१ मिमीच्या वक्रावर अशा डब्याचे पोट आत येते आणि टोके बाहेर जातात. शेजारी दुसरी गाडी असेल तर ५०.८ मिमी अंतर अपुरे पडून डबे एकमेकांना घासतात. म्हणून घट्ट वक्रांच्या मालिकेत मार्ग दूर ठेवलेले असतात. मेर्क्लिन कंपनीच्या सी-ट्रॅकमध्ये तर हे अंतर ७७.५ मिमी आहे. ज्यांना लांब डब्यांची राजधानी पळवायची आहे त्यांनी टेबल लहान असले तरी ६१० मिमीच्या आतला सांधा मुख्य मार्गावर घालू नये.

सांध्यांच्या क्रमांकाबाबतही सावध राहावे. अमेरिकी पद्धतीत क्रमांक ६ म्हणजे सहा एकक पुढे गेल्यावर एक एकक बाजूला, सुमारे ९.५ अंश. भारतीय रेल्वेचे १:१२ आणि १:८.५ हे सांधे याच रीतीने मोजतात. १:१२ म्हणजे फक्त ४.८ अंश. पेकोचे १२ अंश आणि आपले एकास बारा यांचा परस्पर संबंध नाही.

विजेची बाजू फ्रॉगवर ठरते. जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो हा भाग. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर जोडणी सोपी, पण दोन जोड चाकांचे छोटे शंटिंग इंजिन त्यावर वीज न मिळाल्याने थबकते. फ्रॉग धातूचा आणि विद्युतवाही असेल तर इंजिन सुरळीत जाते, मात्र फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर लावावे लागतात आणि सांधा बदलला की फ्रॉगची ध्रुवता बदलणारा स्विच जोडावा लागतो. हा स्विच असलेली सांधा-मोटर सुरुवातीलाच घ्यावी. सावकाश फिरणारी मोटर वापरताना पेकोच्या सांध्यातली झटका देणारी स्प्रिंग बहुधा काढतात. मेर्क्लिनची तीन-रूळ पद्धत इतरांशी मुळीच मिसळत नाही: तिथे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे आणि मधोमध वीज देणारे ठिपके असतात. तिच्या गाड्यांची चाके एकमेकांपासून विलग नसल्याने त्या दोन-रूळ मार्गावर ठेवताच शॉर्ट होते. त्याच घराण्यातल्या ट्रिक्सचा सी-ट्रॅक दिसायला सारखा, पण दोन-रूळ आहे. खोक्यावरचे नाव नीट वाचावे.

खडीच्या पायासह येणाऱ्या रुळांत कंपनी बदलणे आणखी कठीण, कारण पायाची उंची आणि खटक्याची रचना ज्याची त्याची वेगळी. जपानी एन गेजमध्ये काटोचे मार्ग ३३ मिमी अंतरावर, तर टोमिक्सचे ३७ मिमी अंतरावर बसतात. शिवाय काटोचे सांधे मोटरसह येतात आणि दोन तारांवर ध्रुवता उलटून चालतात, त्यामुळे त्यांना इतर कंपन्यांची कळ सरसकट चालत नाही.

चाक आणि सांध्यातील फटी यांची मापे अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेली एनएमआरए आणि युरोपात मोरोप या संस्था ठरवतात. एनएमआरएची धातूची मापपट्टी घेऊन चेक रेलची (फ्रॉगजवळ चाकाला योग्य बाजूला धरणाऱ्या रुळाची) फट आणि चाकांतील अंतर तपासता येते. गाडी एकाच सांध्यावर वारंवार घसरत असेल तर आधी चाके मोजावीत. दोष बऱ्याचदा सांध्यात नसतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत पोलादी रूळ गंजतात आणि पितळी काळवंडतात, म्हणून निकेल सिल्व्हरचेच घ्यावेत. बॅकमनच्या ई-झी ट्रॅकमध्ये काळ्या पायाचा रूळ पोलादी आणि राखाडी पायाचा निकेल सिल्व्हरचा असतो, एवढे लक्षात ठेवले तरी फसगत टळते.

खरेदीचा क्रम उलटा ठेवावा. आधी सांधा निवडावा; त्याचा कोड, कोन आणि फ्रॉग ठरला की साधे रूळ आपोआप ठरतात. पूर्ण संच मागवण्यापूर्वी एक सांधा आणि तीन सरळ तुकडे आणून त्यांवरून आपले सर्वांत छोटे इंजिन अगदी संथ आणि सर्वांत लांब डबा मागे ढकलत न्यावा. दोन्ही बिनधोक पार झाले तरच उरलेली यादी द्यावी.