अरुणाचल प्रदेश : खोऱ्याखोऱ्यांतला प्रवास

अरुणाचल प्रदेश : भारताच्या ईशान्य टोकाचे डोंगराळ राज्य. क्षेत्रफळ ८३,७४३ चौ. किमी. लोकसंख्या १३,८३,७२७ (२०११). राजधानी इटानगर. पश्चिमेला भूतान, उत्तरेला तिबेट, पूर्वेला म्यानमार आणि दक्षिणेला आसाम व नागालँड. सुमारे चार-पंचमांश भूभाग जंगलाखाली असून लोकवस्तीची घनता दर चौ. किमी.ला अवघी १७, म्हणजे देशातील राज्यांत सर्वांत कमी. दिबांग व्हॅली जिल्ह्यात तर चौरस किलोमीटरमागे सरासरी एकच माणूस राहतो. राज्यात २६ प्रमुख जमाती आणि शंभराहून अधिक उपजमाती आहेत.

एवढ्या थोड्या माणसांत एवढे वैविध्य कसे, याचे बरेचसे उत्तर नकाशातच सापडते. कामेंग, सुबनसिरी, सियांग, दिबांग आणि लोहित या नद्या ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत ब्रह्मपुत्रेच्या मैदानाकडे येतात आणि दोन नद्यांच्या मध्ये उंच, दाट जंगलाची डोंगररांग उभी असते. नदीच्या काठाने वर-खाली जाणे जमते, पण शेजारच्या खोऱ्यात जायचे तर रांग ओलांडावी लागते. त्यामुळे खोऱ्यागणिक बोली, घरे, विणकाम आणि सण वेगळे झाले. आजही एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना प्रवाशाला अनेकदा आसामच्या मैदानात उतरून पुन्हा वर चढावे लागते.

या डोंगरांची दारे बाहेरच्यांसाठी किलकिली ठेवण्याचे धोरण जुने आहे. १८७३च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनने ब्रिटिशांनी ‘इनर लाइन’ आखली आणि तिच्यापलीकडे विनापरवाना जाण्यास बंदी केली. त्यामागे आसामातील चहामळ्यांच्या बंदोबस्ताचा विचार अधिक होता. १९११मध्ये नोएल विल्यमसन हा ब्रिटिश अधिकारी सियांग खोऱ्यात मारला गेला आणि तिथल्या आदी जमातीविरुद्ध लष्करी मोहीम निघाली. १९१४च्या सिमला परिषदेत तिबेटलगतच्या सीमेसाठी मॅकमहोन रेषा ठरली. चीन ती मानत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४मध्ये या भागाला ‘नेफा’ (नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर एजन्सी) हे नाव मिळाले आणि मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन तिथल्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ (१९५७) या पुस्तकात त्यांनी मांडलेले सूत्र असे : विकास करावा, पण बाहेरच्यांची गर्दी आणि बाहेरच्या आवडीनिवडी लोकांवर लादू नयेत. १९६२च्या युद्धात चिनी सैन्य तवांग आणि बोमडिलापर्यंत उतरले, तर पूर्वेला वालाँगला लढाई झाली. पुढे २० जानेवारी १९७२ रोजी अरुणाचल केंद्रशासित प्रदेश झाला आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य. इनर लाइन मात्र कायम राहिली. राज्याबाहेरच्या भारतीयांना आजही परवाना लागतो.

पश्चिमेकडून सुरुवात केली तर पहिले मोन्पा जमातीचे लोक भेटतात. तेझपूर-भालुकपाँग-बोमडिला हा रस्ता ४,१७० मीटर उंचीच्या सेला खिंडीतून तवांगला जातो. २०२४मध्ये बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही ही वाट बंद पडण्याची धास्ती कमी झाली आहे. तवांगचा मठ सतराव्या शतकाच्या अखेरीस मेराग लामा लोद्रे ग्यात्सो यांनी स्थापन केला. सहावे दलाई लामा याच परिसरात जन्मले आणि चौदावे दलाई लामा १९५९मध्ये तिबेट सोडून याच मार्गाने भारतात आले. मोन्पा लोक एका झुडपाच्या सालीपासून हातकागद करतात. साल वाळवून राखेच्या पाण्यात उकळायची, कुटून लगदा करायचा, तो चौकटीवर पसरून उन्हात सुकवायचा. मठांतील पोथ्या या कागदावर लिहिल्या जात.

कामेंगच्या दक्षिण उतारावर आका, मिजी, शेरदुकपेन आणि बुगुन या जमाती आहेत. आसामी भाषेत लिहिणारे आणि साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे येशे दोरजे थोंगची हे शेरदुकपेन. बुगुन जमातीचे नाव तर पक्षिशास्त्रातही गेले. ईगलनेस्ट अभयारण्यात दिसलेल्या एका नव्या पक्ष्याचे वर्णन रमणा आत्रेय यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केले. आत्रेय हे पुण्याच्या आयसरमधील खगोलशास्त्रज्ञ. पक्षी इतका दुर्मीळ, की नमुन्यासाठी त्याला मारण्याऐवजी पकडून मोजमापे व छायाचित्रे घेतली आणि सोडून दिले. त्याचे नाव ठेवले ‘बुगुन लिओसिक्ला’. पुढे सिंगचुंगच्या बुगुन ग्रामस्थांनी आपल्या मालकीचे सुमारे १७ चौ. किमी. जंगल राखीव म्हणून बाजूला काढले.

मध्य अरुणाचलातील निशी, आपातानी, तागिन, गालो आणि आदी हे आपला मूळपुरुष आबोतानी असल्याचे मानतात. निशी ही राज्यातील सर्वांत मोठी जमात. निशी पुरुषांच्या वेताच्या टोपीवर धनेश पक्ष्याची चोच मिरवे. आता तिथे बहुधा फायबरची कृत्रिम चोच असते. पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत तर २०११पासून गावकरीच धनेशाच्या ढोल्यांची राखण करतात.

झिरोच्या पठारावर आपातानींची शेती पाहावी. परंपरेने इथे नांगर नाही आणि बैलही नाही. सारी मशागत हाताने होते. भाताच्या खाचरात मधोमध एक खोल चर असतो. लावणीनंतर पाण्यात माशांची पिले सोडतात. खाचरातले पाणी कमी केले की मासे चरात जमतात आणि पाणी चढले की पुन्हा रोपांमधून फिरतात. बांधाची जागाही वाया जात नाही, तिथे नाचणी लावतात. एकाच तुकड्यातून भात, मासे आणि नाचणी अशी तीन उत्पन्ने निघतात. यांतली मासेशेती १९६०च्या दशकात सुरू झाली. सपाट जमीन भातासाठी राखून घरे कडेला दाटीवाटीने बांधलेली, त्यामागे बांबूची आणि पाइनची राखलेली बने, वर जंगल. वयस्क आपातानी स्त्रियांच्या नाकपुड्यांत लाकडी चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदण दिसते. ही प्रथा १९७०च्या दशकापासून बंद पडत गेली, त्यामुळे तरुण चेहऱ्यांवर ती दिसत नाही.

तिबेटातील यार्लुंग त्सांगपो अरुणाचलात शिरल्यावर सियांग होते. तिच्या खोऱ्यात आदी राहतात. गावातील तंटे ‘केबांग’ नावाच्या पंचायतीत सर्वांसमक्ष बोलून मिटवायची त्यांची रीत आहे. लाल कोट घातलेला गावबुढा हा सरकारमान्य ग्रामप्रमुख इथे भेटतो. साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेल्या इंग्रजी लेखिका ममंग दाई आदीच. सूर्य आणि चंद्र यांना साक्षी मानणारा दोन्यी-पोलो हा धर्मविचार या भागात प्रबळ आहे. तालोम रुकबो यांनी १९८०च्या दशकात त्याला प्रार्थना आणि प्रार्थनास्थळांची घडी बसवून दिली. ख्रिस्ती धर्माचाही मोठा प्रसार झाला आहे आणि एकाच घरात दोन्ही श्रद्धा नांदताना दिसतात.

जंगलात मोकळे फिरणारे, मजबूत बांध्याचे जनावर मिथुन हे बहुतेक मध्य व पूर्व भागात श्रीमंतीचे माप आहे. कानावरच्या कापीव खुणेवरून मालक ओळखतो आणि मीठ दाखवून त्याला जवळ बोलावतो. वधूमूल्य, दंड आणि सणातील बळी या तिन्हींत मिथुनाला मान असतो. रस्त्यात मिथुन आडवा आला तर चालक मुकाट थांबतो, कारण त्याला इजा झाली तर भरपाई जबर असते.

पूर्वेला दिबांग व लोहितच्या खोऱ्यांत मिश्मी जमाती आहेत. रोइंगजवळच्या भीष्मकनगरच्या वीटबांधणीच्या अवशेषांशी रुक्मिणीचे माहेर जोडले जाते आणि इदू मिश्मी तिला आपली लेक मानतात. महाराष्ट्रात हाच मान अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूरला आहे. त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांनी स्थापलेल्या विवेकानंद केंद्राने १९७७पासून अरुणाचलात शाळा चालवल्या आहेत. मिश्मींच्या खोऱ्यांपलीकडे बौद्ध खामती, चहासाठी प्रसिद्ध सिंगफो, तसेच तांगसा, नोक्ते आणि काष्ठशिल्पात निपुण वांचो राहतात. १,९८५ चौ. किमी.चे नामदाफा राष्ट्रीय उद्यान याच टोकाला आहे.

इतक्या बोलींमध्ये परस्पर बोलण्याची भाषा हिंदी झाली आहे, त्यामुळे मराठी प्रवाशाची अडचण होत नाही. इनर लाइन परवाना ऑनलाइन काढता येतो. परदेशी पाहुण्यांना वेगळा परवाना लागतो. २०१४पासून नाहरलगुनपर्यंत रेल्वे आणि २०२२पासून इटानगरजवळच्या होलोंगीला विमान येते. २०१७ साली झालेल्या ढोला-सदिया पुलामुळे (९.१५ किमी.) रोइंगची वाट सोपी झाली. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते दिवसच्या दिवस बंद राहतात. देशाची एकच प्रमाणवेळ असल्याने हिवाळ्यात दुपारी साडेचारच्या आसपासच अंधारते, म्हणून प्रवास पहाटे सुरू करावा. सणांत मोपिन (गालो, एप्रिल), द्री (आपातानी, जुलै) आणि न्योकुम (निशी, फेब्रुवारी) पाहुण्यांना खुले असतात. भाताची दारू ‘अपोंग’ पुढे आली तर घोटभर घ्यावी किंवा हात जोडून नम्रपणे नको म्हणावे, यात कोणाला राग येत नाही. वृद्धांचे, विशेषतः गोंदलेल्या स्त्रियांचे, छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. तवांग, झिरो आणि दिबांग खोऱ्यातील अनिनी एकाच सहलीत बसवण्याचा आग्रह मात्र सोडावा. पहिल्या भेटीला एकच खोरे निवडावे आणि हॉटेलपेक्षा गावातल्या घरगुती मुक्कामाला पसंती द्यावी.