एकाच नावाखाली राहिलेले तीन प्रवाळ

कॅरिबियन समुद्रातील प्रवाळभित्तिका उभारण्यात ऑर्बिसेला वंशातील तीन जातींचा वाटा फार मोठा आहे. ऑर्बिसेला अ‍ॅन्युलॅरिस, ऑर्बिसेला फॅव्हिओलाटा आणि ऑर्बिसेला फ्रँक्साय ही त्यांची नावे. विसाव्या शतकात कित्येक दशके मात्र या तिन्हींना एकच जात मानले जात होते आणि ती माँटॅस्ट्रिया अ‍ॅन्युलॅरिस या नावाने ओळखली जाई. त्या काळातील संशोधनात हे नाव आढळते, तेव्हा प्रत्यक्षात कोणत्या प्रवाळाचा अभ्यास झाला होता, हे अनेकदा सांगता येत नाही.

हा घोटाळा केवळ निष्काळजीपणामुळे झाला, असे म्हणता येणार नाही. प्रवाळाचा आकार परिस्थितीनुसार बदलतो. उथळ पाण्यात, भरपूर प्रकाशात घुमटासारखी वाढणारी वसाहत खोल आणि अंधुक पाण्यात ताटासारखी पसरू शकते. त्यामुळे खांबांसारखे, घुमटासारखे आणि खडबडीत असे तीन प्रकार दिसले, तरी ती प्रकाशाची व खोलीची किमया असावी, हा समज पटण्याजोगा होता. गंमत अशी, की यांपैकी अ‍ॅन्युलॅरिस आणि फॅव्हिओलाटा यांना जॉन एलिस व डॅनियल सोलँडर यांच्या १७८६ मधील ग्रंथात वेगवेगळी नावे मिळालेली होती, तर फ्रँक्सायचे वर्णन १८९५ मध्ये झाले होते. म्हणजेच पुढे जे घडले तो नव्या जातींचा शोध नव्हता. विसरलेल्या जातींची ती पुनर्स्थापना होती.

नॅन्सी नोल्टन, अर्नेस्टो वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामाच्या किनाऱ्यावरील अभ्यास १९९२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तिन्ही प्रकार एकाच खोलीवर शेजारी शेजारी वाढत असूनही आपापला आकार टिकवून असतात, आणि त्यांच्या प्रथिनांतही फरक असतो, असे दिसून आले. परिस्थितीचाच परिणाम असता, तर शेजारी वाढणाऱ्या वसाहती सारख्या दिसायला हव्या होत्या. तिन्ही जातींचे सविस्तर वर्णन १९९४ मध्ये वाइल आणि नोल्टन यांनी केले.

पाण्याखाली ओळख पटवताना सर्वप्रथम वसाहतीची ठेवण पाहिली जाते. अ‍ॅन्युलॅरिसची वसाहत अनेक खांबांची बनलेली असते. जिवंत भाग खांबांच्या माथ्यावर असतो आणि बाजू बहुधा मृत असतात. फॅव्हिओलाटा मोठ्या ढिगाच्या किंवा पसरट चादरीच्या रूपात वाढते, तिची कडा घागऱ्याच्या झालरीसारखी खाली पसरते आणि पृष्ठभागावर अनेकदा उभ्या रांगांत उंचवटे दिसतात. फ्रँक्सायवर हे उंचवटे वेडेवाकडे विखुरलेले असतात, त्यांची टोके पुष्कळदा फिकट असतात, आणि पॉलिप ज्यात राहतात ते चषक तुलनेने मोठे व असमान असतात. वसाहत लहान असेल, तर मात्र ही लक्षणे पुरेशी प्रकट झालेली नसतात आणि अनुभवी पाणबुड्याचीही फसगत होते.

दुसरी कसोटी प्रजननाची आहे. तिन्ही जाती उन्हाळ्याच्या अखेरीस, पौर्णिमेनंतर सुमारे आठवडाभराने, रात्री बीजांडे आणि शुक्राणू यांच्या गोळ्या पाण्यात सोडतात. फ्रँक्साय हे काम इतर दोघींच्या एक ते दोन तास आधी उरकते. प्रयोगशाळेत अ‍ॅन्युलॅरिस आणि फ्रँक्साय यांचा संकर सहज होतो. समुद्रात त्यांना वेगळे ठेवते ते मुख्यतः हेच वेळेचे अंतर, कारण दोन तासांत शुक्राणू विरळ आणि निस्तेज झालेले असतात. फॅव्हिओलाटा ही अ‍ॅन्युलॅरिसच्याच सुमारास प्रजनन करते, परंतु तिची बीजांडे इतरांचे शुक्राणू क्वचितच स्वीकारतात.

या वर्गीकरणाचा संबंध हवामानशास्त्राशीही आहे. झाडाच्या खोडाप्रमाणे प्रवाळाच्या चुनखडीच्या सांगाड्यातही वार्षिक थर असतात. थराची जाडी आणि त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण यांवरून जुन्या काळातील सागरी तापमानाचा अंदाज केला जातो. वाढीचा वेग आणि समस्थानिकांचे प्रमाण या जातींमध्ये वेगवेगळे असते, असे १९९२ च्या अभ्यासात आढळले. एकाच पाण्यात वाढलेले दोन प्रवाळ वेगळी नोंद देत असतील, तर त्यांना एक समजून काढलेले तापमान चुकणारच. प्रवाळांच्या विरंजनाविषयीच्या जुन्या निष्कर्षांनाही हाच आक्षेप लागू होतो.

तरीही सीमारेषा सर्वत्र सारखी ठळक नाही. पनामात तिन्ही जाती स्पष्ट वेगळ्या दिसतात, तर बहामाज बेटांजवळ त्यांची बाह्य लक्षणे आणि जनुकीय वैशिष्ट्ये एकमेकांत मिसळलेली आढळली, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. संकराचा हा परिणाम असावा, असे मानले जाते. एका ठिकाणी तयार केलेली ओळखीची मोजपट्टी दुसरीकडे डोळे झाकून वापरता येत नाही.

भारतीय समुद्रात ऑर्बिसेला आढळत नाही, परंतु अडचण तीच आहे. लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात आढळणाऱ्या पोरायटीस ल्युटिया आणि पोरायटीस लोबाटा यांच्या गोलसर वसाहती पाण्याखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. सुमारे दीड मिलिमीटरच्या चषकातील पडद्यांची मांडणी भिंगाखाली पाहावी लागते: ल्युटियामध्ये एका बाजूचे तीन पडदे टोकाशी जोडलेले असतात, लोबाटामध्ये ते सुटे राहतात. हवामानाच्या नोंदींसाठी पोरायटीसचाही मोठा वापर होतो.

ऑर्बिसेला हे वंशनाम या तीन जातींना २०१२ मध्ये पुन्हा देण्यात आले. अमेरिकेने २०१४ मध्ये तिन्हींची नोंद धोक्यात असलेल्या जाती म्हणून स्वतंत्रपणे केली. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग आढळला आणि नंतर तो कॅरिबियनमध्ये पसरला. या जातींनाही त्याची लागण होते. कोणती जात किती उरली आहे, हे पाहणीत वेगवेगळे नोंदवणे त्यामुळे आवश्यक झाले आहे. जेथे ओळख पटत नाही, तेथे पाहणी करणारे अंदाजाने नाव न लिहिता ‘ऑर्बिसेला समूह’ एवढीच नोंद करतात.