वासरांतील विषाणुजन्य हगवण

गाई-म्हशींच्या नवजात वासरांना मुख्यतः रोटा आणि कोरोना विषाणूंमुळे होणारा आतड्याचा संसर्गजन्य रोग. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत तो प्रामुख्याने आढळतो. ‘बोव्हाइन व्हायरल डायरिया’ (बीव्हीडी) हा पेस्टिव्हायरसमुळे होणारा, याहून वेगळा रोग आहे.

इतिहास : १९६९ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात चार्ल्स मेबस व सहकाऱ्यांनी वासरांना हगवण लावणारा विषाणू दाखवून दिला. तोच पुढे रोटाविषाणू म्हणून ओळखला गेला. १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व सहकाऱ्यांना बालकांच्या आतड्यांत याच गटातील विषाणू सापडला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ ही बालकांसाठीची लस गोवंशीय व मानवी रोटाविषाणूंच्या जनुकीय मिश्रणातून तयार केलेली आहे.

प्रसार : आजारी वासराच्या शेणातून विषाणू मोठ्या संख्येने बाहेर पडतात. वरवर निरोगी दिसणाऱ्या गाईच्या शेणातूनही ते येऊ शकतात. दूषित आचळे, भांडी, गव्हाण आणि माणसांचे हात यांमार्फत ते दुसऱ्या वासराच्या तोंडात जातात. रोटाविषाणू चिवट असून शेणात अनेक महिने टिकतो.

विकृती व लक्षणे : विषाणू लहान आतड्यातील अन्नशोषक पेशी नष्ट करतात, कोरोनाविषाणू मोठ्या आतड्यालाही इजा करतो. दुधातील साखर पचत नाही आणि आतड्यात पाणी ओढले जाते. वासरू पिवळसर, पाण्यासारखे पातळ हगते, मलूल होते व दूध पिणे सोडते. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी लवकर पूर्ववत होत नाही, कान व पाय थंड पडतात. शरीरातील पाणी व क्षार कमी होणे आणि रक्तातील आम्लता वाढणे, ही मृत्यूची मुख्य कारणे होत.

निदान : ई. कोलाय, साल्मोनेला व क्रिप्टोस्पोरिडियम यांमुळेही अशीच हगवण लागते आणि पुष्कळदा एकाहून अधिक जंतू एकत्र असतात. त्यामुळे केवळ शेणाच्या रंगावरून कारण ठरवता येत नाही. एलायझा किंवा पीसीआर चाचणीने विषाणू ओळखता येतो.

उपचार : विषाणूवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही, सोबत जिवाणूंचा संसर्ग असल्यास पशुवैद्यक ती देतात. मुख्य उपचार म्हणजे गेलेले पाणी व क्षार भरून काढणे. दूध चालू ठेवून, दोन वेळच्या दुधाच्या मधल्या काळात वासरांसाठीचे क्षार-ग्लुकोजचे द्रावण पाजतात. चोखण्याची ताकद नसलेल्या किंवा आडव्या पडलेल्या वासराला पशुवैद्यकाकडून तातडीने शिरेतून सलाइन द्यावे लागते.

प्रतिबंध : गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आतड्याची ती शोषण्याची क्षमता तासागणिक घटते व सुमारे २४ तासांत संपते. म्हणून वासराच्या वजनाच्या दहा टक्के चीक पहिल्या काही तासांतच पाजावा. वार पडण्याची वाट पाहू नये. गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत लस दिल्यास तिच्या चिकातील प्रतिपिंडे वाढतात. विण्याची जागा कोरडी ठेवावी, आजारी वासरे वेगळी बांधावीत आणि निरोगी वासरांचे काम आधी उरकून मगच आजारी वासरांना हात लावावा. खरवसासाठी चीक काढण्यापूर्वी वासराचा वाटा त्याला पोटभर मिळालाच पाहिजे. या रोगाविरुद्ध पशुपालकाच्या हाती असलेला सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.