दूरस्थ विद्यार्थी आणि अभ्यासक्रमाचे दिनमान: युसूफ वडगावच्या परिसरातून एक आढावा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे गाव ज्या टापूत वसले आहे, तेथे महाविद्यालयीन शिक्षणाचा प्रश्न बुद्धीचा किंवा इच्छेचा जितका राहिला, तितकाच तो अंतराचा आणि हंगामाचाही राहिला. या टापूतील विद्यार्थ्यासाठी आखला गेलेला अभ्यासक्रम कोणी, कोठे बसून आणि कोणते दिनमान गृहीत धरून आखला, याचा मागोवा घेतल्यास आजच्या ऑनलाइन शिक्षणातील बऱ्याच अडचणींचे मूळ संगणकाच्या पडद्यापेक्षा फार जुने असल्याचे दिसून येते.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचे सूत्र 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, त्यामुळे मराठी घरातील मुलाला विषयाआधी भाषेचा अडसर ओलांडावा लागत असे. परिसरातील अंबाजोगाई, ज्याला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, तेथील योगेश्वरी संस्थेच्या शाळेने शालेय शिक्षणाची मोठी सोय केली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांनीही तेथे अध्यापन केले. परंतु शाळेपुढची वाट हैदराबाद-औरंगाबादकडेच जात होती. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले तेव्हा अंतर घटले, भाषेची अडचणही कमी झाली, मात्र अभ्यासक्रम म्हणजे काय याविषयीची कल्पना जुनीच राहिली.

ही जुनी कल्पना 1857 च्या विद्यापीठांपासून चालत आलेली होती. मुंबई विद्यापीठाची घडण लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर झाली होती, म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी आणि शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावे, अशी विभागणी होती. परिणामी अभ्यासमंडळ, म्हणजे त्या त्या विषयाच्या प्राध्यापकांचे विद्यापीठीय मंडळ, जो अभ्यासक्रम मंजूर करीत असे तो मूलतः परीक्षेत काय विचारले जाऊ शकते याची यादी असे. प्रकरणांची नावे, नेमलेली पुस्तके आणि गुणांची वाटणी एवढाच मजकूर त्यात येई, आणि विद्यार्थ्याने दर आठवड्याला काय करावे, किती तास वाचावे, अडल्यास कोणाला विचारावे, याचा त्यात उल्लेख नसे, कारण तो उल्लेख वर्गात उभा असलेला प्राध्यापक तोंडी करतो असे गृहीत होते. परगावी राहून परीक्षा देणाऱ्या बहिःस्थ विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र ती यादी तेवढी येत असे, आणि प्राध्यापकाचा आवाज येत नसे. तरीही या विद्यार्थ्याची गणना पुष्कळदा कच्चा विद्यार्थी म्हणून होत असे, हे न्यायाला धरून नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचे पहिले प्रयत्न पत्राद्वारे शिक्षणातून झाले. दिल्ली विद्यापीठाने 1962 साली पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले आणि मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये त्याच वाटेवर पाऊल टाकले. टपालाने छापील टिपणे पाठवणे आणि विद्यार्थ्याने उत्तरे लिहून परत पाठवणे ही पद्धत नवी होती, पण तिचा आराखडा बहुधा नियमित महाविद्यालयाचाच असे. वर्गातील व्याख्यान कागदावर उतरवले की काम झाले, असा समज प्रचलित होता.

महाराष्ट्रात या समजाला खरा छेद दिला तो 1 जुलै 1989 रोजी नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले हे त्यापूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, त्यामुळे संलग्न महाविद्यालयांची पद्धत आतून कशी चालते हे त्यांना नीट ठाऊक होते. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ, ज्याचे अध्यापन 1971 मध्ये सुरू झाले, हैदराबाद येथील 1982 चे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ आणि 1985 चे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचा अनुभव समोर होता. परंतु नाशिकच्या विद्यापीठाने मराठीत जी परिभाषा आणि कार्यपद्धती रुजवली, ती येथल्या विद्यार्थ्याच्या ओळखीची झाली. पदवीकडे नेणाऱ्या सर्व विषयांच्या मिळून आखणीला शिक्षणक्रम, त्यातील एकेका विषयाला अभ्यासक्रम आणि अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककाला श्रेयांक म्हटले गेले. एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास, आणि या तासांत व्याख्यानाबरोबर वाचन, लेखन व उजळणीही धरलेली असते. शिक्षक किती तास शिकवतो याऐवजी विद्यार्थी किती तास शिकतो हे माप मानल्याने अभ्यासक्रमाच्या आखणीची दिशाच पालटली. विद्यार्थ्याकडून असलेली अपेक्षा पहिल्यांदाच तासांच्या आकड्यात लिहिली गेली.

या विद्यापीठाच्या पुस्तकांची रचना पाहिली की अपेक्षा लिहून काढण्याचे हे काम किती बारकाईचे होते ते कळते. पुस्तकाचे घटक पाडलेले असतात, घटकाच्या आरंभी तो वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे याची उद्दिष्टे असतात, मध्येच थांबून सोडवायचे स्वयंअध्ययन प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे असतात, जेणेकरून प्राध्यापकाशिवाय विद्यार्थ्याला स्वतःची चूक पकडता यावी. पुस्तकाच्या श्रेयनामावलीत लेखक व विषय संपादक यांच्या जोडीला अनुदेशन-तंत्र संपादक असे नाव दिसते; मजकूर शिकण्याजोग्या क्रमाने आणि टप्प्यांनी मांडला आहे की नाही हे पाहणे हे त्याचे काम. एकट्या तज्ज्ञाने लिहिलेले पुस्तक आणि गटाने आखलेले पुस्तक यांतला हा फरक फारसा चर्चिला गेलेला नाही, पण दूरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो निर्णायक होता. प्रत्यक्ष भेटीची गरज अभ्यासकेंद्राने भागवली. हे केंद्र बहुधा चालू महाविद्यालयातच असे आणि तेथे सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे होत, ज्यांत समंत्रक, म्हणजे व्याख्यान देण्यापेक्षा शंका सोडवणारा शिक्षक, विद्यार्थ्यांना भेटत असे. औपचारिक शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमही होता, ज्याच्या आधारे शाळेचा दाखला नसलेल्याला पदवीच्या वर्गाचे दार उघडत असे.

युसूफ वडगावच्या परिसरात ही व्यवस्था किती उपयोगी पडली हे पाहताना बीड जिल्ह्याचे एक ठळक वास्तव लक्षात घ्यावे लागते. कमी व बेभरवशाचा पाऊस आणि मर्यादित रोजगार यांमुळे या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात व साधारण मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल, म्हणजे हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम, कामातून फेडायची असल्याने मध्येच परत येणे सहसा शक्य नसते. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरले जात असल्याने एकाच्या गैरहजेरीने दुसऱ्याचाही हिशेब बिघडतो. तोड पहाटेपासून चालते, मोळ्या बांधून वाहन भरण्याचे काम ते वाहन ज्या वेळी येईल त्या वेळी, कित्येकदा रात्री, करावे लागते. अशा दिवसात ठरलेल्या वेळेचा तास बसत नाही. बसते ते हाती असलेले पुस्तक, आणि तेही दिवसाचे काम उरकल्यावर. वार्षिक पद्धतीत अंत्यपरीक्षा उन्हाळ्यात येत असे, म्हणजे हंगाम संपवून आलेल्या मजूर-विद्यार्थ्याला ती गाठता येण्याची शक्यता तरी होती. मुक्त विद्यापीठाचे वेळापत्रक ऊसतोडीकडे पाहून ठरलेले नव्हते, पण योगायोगाने ते तिच्याशी जुळत होते. सत्र पद्धतीने, ज्यात वर्षाला दोन परीक्षा होतात आणि त्यांतील एक हिवाळ्यात पडते, हा योगायोग मोडला.

ऑनलाइन शिक्षणाचा टप्पा येथून सुरू होतो. 9 जुलै 2017 रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या मंचावरील अभ्यासक्रमाची आखणी चार भागांत केलेली असते: चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. ही चौकट कागदावरच्या स्वयंअध्ययन साहित्याचीच पुढची पायरी आहे. मंचावर अभ्यासक्रम मुख्यतः जानेवारी व जुलै अशा दोन आवर्तनांत चालतात; जानेवारीचे आवर्तन हंगामाच्या मध्यात सुरू होते आणि जुलैच्या आवर्तनाचा शेवट हंगामात येऊन पडतो. 2020 च्या टाळेबंदीत तर बहुतेक महाविद्यालयांना नवी आखणी करायला सवडच मिळाली नाही. वर्गाचे तास मोबाइलवर हलवले गेले, अभ्यासक्रमपत्रिका तीच राहिली आणि अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांनी उरकल्या गेल्या. घरात एकच फोन, तोही वडिलांच्या हाती आणि नेटवर्क शेताच्या बांधावर, ही ग्रामीण विद्यार्थ्याची अवस्था त्या तासांच्या वेळापत्रकात कोठेच नोंदलेली नव्हती. त्याच वर्षी 4 सप्टेंबर रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे नवे विनियम अधिसूचित केले.

विनियमांमुळे शिस्त आली हे मान्य करावे लागेल, कारण त्याआधी दूरस्थ पदव्यांच्या नावाखाली दुकाने थाटली गेली होती. परंतु शिस्तीचे केंद्र कोठे ठेवले गेले हेही पाहिले पाहिजे. 1989 च्या आखणीत लिहिण्याचे ओझे प्रामुख्याने संस्थेवर होते: काय शिकायचे, किती तासांत आणि चूक कशी ओळखायची, हे तिने छापून द्यायचे होते. ऑनलाइन आखणीत सहभागाची नोंद, म्हणजे विद्यार्थी कधी आला आणि त्याने काय उघडले याचा हिशेब, पुढे आला, आणि अपेक्षेचा अर्थ हळूहळू हजेरीकडे सरकला. चित्रफीत कितीदा पाहिली हे यंत्राला कळते. ती उसाच्या फडातून परतलेल्या माणसाने रात्री अकरा वाजता पाहिली, हे कळण्याची सोय त्या नोंदीत नसते. अभ्यासक्रमपत्रिकेत मुदती स्पष्ट लिहाव्यात, गुणांची वाटणी आधी सांगावी, शिक्षक किती दिवसांत उत्तर देईल ते नमूद करावे, या सूचना योग्यच आहेत. मात्र मुदती कोणत्या महिन्यात पडतात, हा प्रश्न त्यांच्याही आधीचा आहे, आणि महाराष्ट्रातील अभ्यासमंडळांच्या चर्चेत तो सहसा येत नाही.

बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आखणाऱ्या विद्यापीठाने मे ते ऑक्टोबर असे एक पूर्ण सत्र, त्याची परीक्षा दसऱ्यापूर्वी, आणि हंगामातील महिन्यांसाठी फोनमध्ये उतरवून ठेवता येईल असे साहित्य, एवढे तरी द्यावे. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, वेळापत्रक बदलण्याची विद्यापरिषदेची तयारी लागते.