दवाखान्याचें लहान दार



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत मंदिराचा व शाळेचा इतिहास लिहिला जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु जिच्या बाकावर आपल्यापैकीं प्रत्येक जण कधीं ना कधीं बसून राहिला आहे, अशा एका संस्थेचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. ती संस्था म्हणजे साधा दवाखाना. तेथें खाट नसते, रात्र काढावी लागत नाहीं; ताप, खोकला, कापलेलें बोट किंवा मुरगळलेला पाय दाखवून मनुष्य औषध घेतो व घरीं परततो. घर आणि इस्पितळ ह्यांच्या मधलें हें लहान दार मनुष्यास सहजासहजीं मिळालेलें नाहीं. तें कसें उघडलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं श्रीमंताच्या घरीं वैद्य येत असे, आणि गरीब मनुष्य अगदीं अंथरुणास खिळला म्हणजे त्यास इस्पितळांत नेत. मधल्या दुखण्यांना थारा नव्हता. पॅरिस शहरांत तेओफ्रास्त रनोदो ह्या वैद्यानें इ. स. १६४० च्या सुमारास गरिबांस विनामूल्य सल्ला देण्याची व्यवस्था सुरू केली. फ्रान्समधील ‘गॅझेत’ हें वृत्तपत्र इ. स. १६३१ सालीं काढणारा तो हाच. ज्यांस पॅरिसपर्यंत येणें शक्य नव्हतें, त्यांनीं आपलें दुखणें खुणा करून कळवावें म्हणून त्यानें इ. स. १६४२ सालीं एक प्रश्नपुस्तिकाही छापली. परंतु पॅरिसच्या वैद्यपीठास हा उपक्रम रुचला नाहीं. रनोदोचा आश्रयदाता कार्डिनल रिशल्यू त्याच वर्षीं वारला, आणि इ. स. १६४४ मध्यें न्यायालयाच्या निकालानें तें काम बंद पडलें.

लंडनांतही तसेंच झालें. तेथील वैद्यमंडळानें गरिबांस स्वस्त औषध मिळावें म्हणून इ. स. १६९६ सालीं दवाखाना काढण्याचें ठरविलें, तेव्हां औषधविक्रे बिथरले. तो तंटा इतका गाजला कीं सॅम्युअल गार्थ ह्या वैद्यानें त्यावर इ. स. १६९९ सालीं एक विनोदी काव्यच लिहिलें. तो दवाखाना पुढें बंद पडला; परंतु इ. स. १७७० मध्यें ऑल्डर्सगेट रस्त्यावर जनरल डिस्पेन्सरी निघाली, आणि तिच्या धर्तीवर इतरत्रही दवाखाने निघूं लागले. इ. स. १७८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरींही असा दवाखाना उघडला. दुखणें लहान, परंतु त्यावरून झालेलीं भांडणें मोठीं, असा हा सारा प्रकार आहे.

ह्याच फिलाडेल्फियाशीं आपल्या महाराष्ट्राचा एक हृदयद्रावक संबंध आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांना चौदाव्या वर्षीं पुत्र झाला. योग्य वैद्यकीय मदतीअभावीं तो दहा दिवसच जगला. त्या दुःखांतून त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि इ. स. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. त्या काळीं आपल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यासही संकोचत. म्हणून एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टरीण इ. स. १८८३ च्या अखेरीस मुंबईस आली. कामा रुग्णालयाची इमारत पुरी होण्यास इ. स. १८८६ साल उजाडलें. परंतु तोंवर बायकामुलें तिष्ठत राहिलीं नाहींत, कारण जाफर सुलेमान दवाखाना तत्पूर्वींच सुरू झाला होता. मोठी इमारत मागून आली, लहान दार आधीं उघडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ख्रिस्तसभेंतही हें दार उघडण्यास विलंब लागला. व्रतस्थ भगिनी रुग्णांची शुश्रूषा शतकानुशतकें करीत आल्या होत्या. परंतु धर्मनियमानुसार विशेष अनुज्ञेवांचून त्यांना वैद्यकी व शस्त्रक्रिया करतां येत नसे. स्कॉटिश डॉक्टर ॲग्नेस मॅकलॅरन ह्यांनीं ह्याबाबत रोमकडे वारंवार विनंती केली, त्या इ. स. १९१३ मध्यें वारल्या. त्यांच्या प्रेरणेनें डॉक्टर झालेल्या ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगल ह्यांनीं रावळपिंडीस कांहीं वर्षें काम केलें, आणि इ. स. १९२५ सालीं वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. अखेर इ. स. १९३६ मध्यें रोमनें अनुमति दिली, आणि डॉक्टर व सुईण ह्यांचें काम व्रतस्थ भगिनींस मोकळें झालें.

स्वराज्याच्या उंबरठ्यावर भोर समितीनें इ. स. १९४६ च्या अहवालांत सांगितलें कीं आरोग्यसेवा खेड्याच्या दाराशीं गेली पाहिजे. त्यानुसार इ. स. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं. सपाटीवर ३०,००० व डोंगराळ भागांत २०,००० वस्तीमागें एक केंद्र, असें पुढें प्रमाण ठरलें. लहान उपचाराचें सामर्थ्य किती, हें इ. स. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत दिसून आलें. तेथें पटकीची सांथ होती व शिरेंतून देण्याचें पाणी संपत आलें होतें. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, साखर व खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून आप्तांच्या हातून रुग्णांस पाजविलें, आणि मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० वरून ४ च्या खालीं आलें.

अमेरिकेंत इ. स. १९७० नंतर निघालेलीं तांतडीच्या उपचारांचीं केंद्रें, दिल्लींत इ. स. २०१५ सालीं निघालेलीं मोहल्ला क्लिनिकें, मुंबईंत इ. स. २०२२ सालीं सुरू झालेला ‘आपला दवाखाना’, हीं सर्व त्याच लहान दाराचीं नवीं रूपें होत.

आतां हें दार वापरण्याविषयीं दोन शब्द. ताप, खोकला, जुलाब, किरकोळ भाजणें, मुरगळणें, लहानशी जखम, ह्यांसाठीं दवाखान्यांतच जावें, आणि वेळेवर जावें. गंजलेला खिळा पायांत रुतला असतां हळद भरून घरीं बसूं नये. जखम धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी, कारण धनुर्वात जखमेचा आकार पाहून येत नाहीं. उलटपक्षीं, छातींत कळ येणें, दम कोंडणें, तोंड वांकडें होऊन बोबडी वळणें, शुद्ध हरपणें, रक्त न थांबणें, सर्पदंश, विषबाधा, किंवा दोन-तीन महिन्यांच्या आंतील अर्भकास ताप येणें, अशा प्रसंगीं दवाखान्याच्या बाकावर पाळी धरून बसणें म्हणजे घात होय. तेव्हां थेट मोठें रुग्णालय गांठावें, महाराष्ट्रांत इ. स. २०१४ पासून १०८ ह्या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते.

जो डॉक्टर ‘हें माझ्या हातचें नाहीं, पुढें न्या’ असें सांगतो, त्यास अडाणी समजूं नये. लहान दुखणें बरें करणें आणि मोठें दुखणें ओळखून पुढें पाठविणें, हीं दोन्हीं दवाखान्याचींच कामें आहेत. ज्या लोकांनीं न्यायालयें, तंटे व नियम ह्यांस तोंड देऊन हें दार उघडलें, त्यांचें ह्या ज्युबिलीनिमित्त आम्ही कृतज्ञतेनें स्मरण करतों. आपल्या वस्तींतील वृद्ध व एकाकी शेजाऱ्यांस हात धरून तेथवर नेण्याचें काम मात्र आपलें आहे. सूज्ञांस अधिक सांगणें न लगे.