भिंतीवरचा चार्जर आणि चांद्याचा कोळसा

१/१४
चंद्रपुरातील एखाद्या घराच्या ओसरीत आज विजेच्या मोटारीचा चार्जर बसवला जातो, तेव्हा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास त्या भिंतीपाशी येऊन थांबतो. त्यात वरोऱ्याची खाण आहे, अमेरिकेतील काचेचा एक फुगा आहे, मुंबईकडे गेलेली तार आहे आणि हेमलकशाचा कंदीलही आहे. त्या इतिहासाचा हा धागा.

२/१४
विजेची मोटार ही एकविसाव्या शतकाची निर्मिती नव्हे. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूवे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखवली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत वाफ, पेट्रोल आणि वीज अशा तिन्ही प्रकारच्या मोटारी धावत होत्या. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची गाडी वापरत.

३/१४
अडचण होती ती घरी. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, म्हणजे डीसी. एडिसनचा आग्रह त्याच प्रवाहाचा होता. परंतु रोहित्राने दाब सहज कमी-अधिक करता येत असल्यामुळे वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांचा एसी प्रवाह जिंकला आणि घरोघरी तोच पोहोचू लागला. गाडी एका प्रवाहाची, घर दुसऱ्या प्रवाहाचे!

४/१४
१९०२ मध्ये पीटर कूपर ह्युइट याने यावर तोड काढली. निर्वात काचेच्या फुग्यात पारा ठेवून त्याने असे साधन घडवले, की त्यातून प्रवाह एकाच दिशेने जाई. निळसर प्रकाश देणारे हे फुगे धनिकांच्या गाडीखान्यांत बसू लागले. घरी बसवण्याच्या चार्जरचा हा पूर्वज होय.

५/१४
१९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर मिळाला. हँडल मारण्याचा त्रास संपताच पेट्रोलची गाडी सोयीची झाली आणि विजेची मागे पडली. पाऱ्याचे साधन मात्र पुढे मोठे झाले. स्वीडनमध्ये उनो लाम यांनी त्याला उच्च दाबासाठी घडवले, आणि १९५४ मध्ये गॉटलंड बेटाला समुद्राखालून डीसी वीज मिळू लागली.

६/१४
आता चांद्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली. पुढे बल्लारपूर आणि वर्धा खोऱ्यातील इतर खाणी वाढल्या. कोळसा निघे येथे, जळे मात्र दूरच्या इंजिनांत आणि गिरण्यांत.

७/१४
२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९८३ मध्ये चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पाणी इरई धरणाचे. त्याच्या वर्षभर आधी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला होता. खाणी आणि धुराडी एका जिल्ह्यात राहिली, दाट जंगल दुसऱ्यात.

८/१४
या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची, ५०० किलोव्होल्ट दाबाची डीसी वाहिनी वीज नेते. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. एवढ्या अंतरावर डीसीत गळती कमी होते. पाऱ्याच्या फुग्याची जागा आता थायरिस्टरने घेतली आहे, तत्त्व तेच.

९/१४
हेच काम मोटारीतही लहान प्रमाणावर चालते. भिंतीवरची पेटी वस्तुतः एसीच पुरवते. गाडीशी संकेतांची देवाणघेवाण करून प्रवाह सुरू करणे आणि बिघाड होताच तोडणे, हे तिचे कर्तव्य. एसीचे डीसी करणारे साधन गाडीच्या पोटात असते. डीसीने जलद चार्जिंग करणारी मोठी यंत्रे मात्र हे रूपांतर बाहेरच करतात.

१०/१४
१५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॅट, तर ३२ अँपिअरच्या पेटीवर ७ किलोवॅटच्या वर शक्ती मिळते. गिझर अर्धा तास चालतो, चार्जर रात्रभर. म्हणून जुनी वायरिंग तापते. मंजूर भार वाढवणे, मीटरपासून स्वतंत्र जाड तार, उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी, यांवाचून चार्जर बसवणे धोक्याचे. हे काम परवानाधारक ठेकेदाराचेच.

११/१४
एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले, की चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. २०२४ च्या सुधारित नियमांनी चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला. नव्या जोडणीची मुदत महानगरात ३ दिवस, इतर नगरांत ७, ग्रामीण भागात १५. डोंगराळ ग्रामीण भागात मात्र ३०. अंतराचा इतिहास नियमांतही उमटतो.

१२/१४
त्या अंतराचे टोक म्हणजे भामरागड. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे वीज नव्हती, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासले. २००४ च्या व्याख्येनुसार, शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज आणि १० टक्के घरांत जोडणी असली, की गाव ‘विद्युतीकृत’ ठरे. उरलेली ९० टक्के घरे त्या शब्दाआड दिसेनाशी होत. घरागणिक जोडणीचे ध्येय ठेवणारी ‘सौभाग्य’ योजना २०१७ मध्ये आली.

१३/१४
जंगलातून तार नेणे हाही कायद्याचा प्रश्न. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीच्या इतर वापरासाठी केंद्राची संमती आवश्यक केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने शाळा, दवाखाना, वीजवाहिनी अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंतची वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची वाट मोकळी केली. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलाविषयी प्रथम गावाला विचारावे, हे तत्त्व तेथे दृढ झाले.

१४/१४
कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कोळसा जळतो. २५ युनिटांची रात्र म्हणजे १७-१८ किलो. विजेची गाडी ऊर्जा कमी वाया घालवते, हे खरे. पण तिचा धूर नाहीसा होत नाही, धुराड्याकडे सरकतो. २००९ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर चौथे होते. मुंबईत गाडी चार्ज करणाऱ्याला ते धुराडे दिसत नाही. चंद्रपूरकराला ते गच्चीवरून दिसते. म्हणून वीज कशापासून बनते आणि कोणाच्या दारी आधी पोहोचते, हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार याच दोन जिल्ह्यांचा आहे.